फराळाचा डाक्टर

त्या फ्रेंच डॉक्टरचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते मला आयुष्यात कधी धड म्हणता आलं नाही. त्यांच्या भाषेत म्हणे नावाची शेवटची अक्षरं लिहायची असतात, पण उच्चारायची नसतात. म्हणायची नाहीत तर लिहिता कशाला, असं मी भर वर्गात, आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टरसाहेबांना विचारलं होतं, आणि त्यांनी मला बाहेर न काढता नुसतं हसून सोडून दिलं होतं. तेव्हापासून तो माझ्यासाठी फरासीस डॉक्टर झाला. येळ्ळूरला आमचे वडील गडाच्या जुन्या गोष्टी सांगताना फ्रेंचांना फरासीस म्हणत, तोच शब्द माझ्या तोंडात बसला होता. पुढे या शब्दाने निपाणीत जो घोळ घातला, तोच सांगायला मी बसले आहे.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट आहे, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. मी बेळगावात नर्सचं शिक्षण घेत होते. येळ्ळूरच्या शेतकऱ्याची पोरगी नर्स होते म्हणजे काय, असं भावकीत सगळ्यांनी विचारून झालं होतं आणि तरीही वडिलांनी मला पाठवलं होतं. डॉक्टरसाहेब फौजेतून निवृत्त होऊन कॅम्पात राहत आणि आठवड्यातून दोनदा आम्हाला शिकवायला येत. पहिल्या महायुद्धात ते आपल्या शिपायांच्या इस्पितळाबरोबर फ्रान्सला गेले होते. तिथल्या एका जुन्या बाजारात त्यांना त्या फरासीस डॉक्टरचं पुठ्ठा निघालेलं एक पुस्तक मिळालं. मग त्यांनी शब्दकोश घेतला, आणि पुढची कित्येक वर्षं ते पुस्तक वाचत राहिले. बँडेज बांधायचं शिकवून कंटाळले की खुर्ची ओढून बसायचे आणि त्यातलं आम्हाला मराठीत सांगायचे. बाकीच्या मुली जांभया द्यायच्या. मी मात्र बाकाच्या टोकावर येऊन बसायचे, एकदा तर खालीच पडले.

काय माणूस होता तो! तरुणपणी नेपोलियनच्या फौजेत सर्जन. वर्षानुवर्षं फौजेबरोबर हिंडला, जखमा शिवल्या, पाय कापले. भुकेने गावंच्या गावं कशी झिजतात तेही त्याने तिथेच पाहिलं. पुढे शहरात येऊन दवाखाना थाटला, तो चांगला चालला, आणि मग याने तो सोडून दिला. का, तर म्हणे एकेक रोगी बघत बसून कळत नाही. कळायचं असेल तर गल्लीच्या गल्ली बघायला हवी.

तेव्हा त्यांच्या राजधानीत काही भागांत माणसं फार मरत. कुणी म्हणे नदीचा गारठा, कुणी म्हणे गल्ल्या अरुंद, कुणी वाऱ्यावर खापर फोडी. याने प्रत्येक भागातल्या मरणांची नोंद काढली आणि शेजारी नदी, वारा, गल्लीची रुंदी सगळं मांडून पाहिलं. एकही जुळेना. जुळलं ते एकच. जिथे घरं गरिबांची, तिथे मरण जास्त. डॉक्टरसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आज कुणी म्हणेल, यात नवीन काय? पण तोवर कुणी मोजलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मोजून दाखवली की ती नाकारता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी वसतिगृहाच्या जेवणाला नावंसुद्धा ठेवली नाहीत.

तुरुंगांवरही त्याने लिहिलं होतं. एकदा आम्ही मुली हिंडलग्याच्या बाजूला फिरायला गेलो, तेव्हा तुरुंगाची भिंत बघून मी म्हटलं, फरासीस डॉक्टर इथे असता तर आत जाऊन कैदी कशावर झोपतात ते विचारून आला असता. मैत्रिणी म्हणाल्या, तुला भूत लागलं आहे त्याचं. लागलंच होतं.

पण मला सगळ्यात आवडायचा तो त्याचा गिरण्यांचा प्रवास. म्हातारपणाकडे झुकलेला हा माणूस गावोगावच्या कापडगिरण्यांत गेला. मालकाच्या कचेरीत बसून चौकशी करून परतला नाही. पहाटे रस्त्यावर जाऊन उभा राहिला. लांबच्या खेड्यांतून चिखल तुडवत अनवाणी येणाऱ्या बाया पाहिल्या, पोरं पाहिली. पोरांच्या काखेत दिवसभराची भाकरी, आणि अंगरख्यावर यंत्राचं तेल इतकं सांडलेलं की पावसाचं पाणी त्यावरून घरंगळून जाई. मग तो त्यांच्या घरी गेला. रोग काय आहे हे त्याने विचारलं नाही. विचारलं, सकाळी काय खाल्लं, किती वाजता उठता, एका अंथरुणात किती जण झोपता. पुढे त्या देशात अगदी लहान पोरांना कारखान्यात घ्यायचं नाही असा कायदा झाला, त्यात या विचारपुशीचा मोठा हात होता.

एका गोष्टीवरून मात्र माझं त्याच्याशी भांडण होतं. कामकरी दारू पितात, पैसा राखत नाहीत म्हणून तो त्यांनाही रागवायचा. मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, एका अंथरुणात सहा जण झोपणाऱ्याला हा शहाणपण कशाला शिकवतो? ते म्हणाले, माणूस मोठा असला तरी सगळाच बरोबर कसा असेल, तू बरोबर तेवढं घे. मी तेवढं घेतलं.

शिक्षण संपलं आणि मी निपाणीच्या एका बाळंतिणींच्या दवाखान्यात लागले. निपाणीच मागून घेतली होती, कारण माझी आक्का तिथे दिलेली होती. दाजी बैलगाडीने तंबाखूची पोती ओढायचे आणि आक्का एका मोठ्या वखारीत चाळणीवर कामाला होती. चाळणीची खोली म्हणजे लांबच लांब दालन. कुटलेली तंबाखू मोठ्या चाळण्यांतून चाळायची, काड्या वेगळ्या, पान वेगळं. खिडक्या कायम बंद, कारण वारा आला की हलका माल उडून जातो. बाया पदराने नाकतोंड बांधून बसत. संध्याकाळी बाहेर आल्या की भुवयासुद्धा तंबाखूच्या रंगाच्या झालेल्या असत.

मी निपाणीत आले तेव्हा आक्काला तिसरा महिना होता. आधीची दोन गेली होती. एक पोटातच, एक जन्मून दोन दिवसांनी. घरातली मंडळी बाहेरची बाधा म्हणत, ताईत बांधत. माझ्या डोक्यात मात्र चाळणीची खोलीच बसली होती. मी आक्काला म्हटलं, या वेळी तिथे बसू नकोस. ती म्हणाली, हात बसलेली बाई मुकादम सोडत नाही, सोडली तर परत घेत नाही. मी दाजींना सांगितलं, ते उठून बैलांना वैरण घालायला गेले. मुकादमाला सांगितलं, तो म्हणाला, नर्सबाई, चाळणीवर बसूनच इथल्या निम्म्या गावाला पोरं झाली आहेत. मला त्याचा असा राग आला! पण माझ्याकडे नुसती खात्री होती, आणि नुसत्या खात्रीला फरासीस डॉक्टरने काडीची किंमत दिली नसती.

तेव्हा ठरवलं, आपणच विचारायचं. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीला बाया वखारीच्या अंगणात चिंचेखाली बसत. मी तिथे जाऊन बसले आणि उत्साहाच्या भरात पहिल्याच घासाला चूक केली. विचारलं, तुम्हाला काय काय आजार आहेत? सगळ्यांचं एकच उत्तर, न्हाय. खोकला? न्हाय. चक्कर? न्हाय. ज्या बाईने न्हाय म्हटलं ती म्हणता म्हणता खोकत होती.

मग डोक्यात उजेड पडला आणि मी त्याची रीत धरली. विचारलं, सकाळी काय खाल्लं?

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीच काही खाल्लं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "सकाळी खाऊन कसं चालंल बाई? लागतं न्हवं. खाल्लेलं समदं उलटून पडतं."

लागतं! तंबाखू लागणं हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. गडी पहिल्यांदा तंबाखू खातो, डोकं गरगरतं, घाम फुटतो, उलटी होते, आणि सगळे हसून म्हणतात, लागली. तो काही रोग नव्हे. या बायांना ती रोज लागत होती, न खाताच, नुसत्या श्वासातून. मग मी एकेकीला विचारत सुटले, तुला लागतं का? सगळ्यांना लागत होतं. नव्या बाईला जास्त, जुनीला कमी, पोटुशीला सगळ्यात जास्त. मी आनंदाने उड्या मारायच्याच काय त्या राहिल्या होत्या. मागाहून त्या आनंदाची लाजही वाटली, पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने विचारलेला प्रश्न निपाणीच्या चिंचेखाली चालला.

आणि त्याच भरात मी त्यांना त्याची गोष्ट सांगितली. आता माझी एक खोड आहे. गोष्ट रंगात आली की मी होता, गेला, म्हणाला असं सांगत नाही. समोर घडल्यासारखं सांगते. "फरासीस डॉक्टर येतो. मालकाकडे जात नाही. सरळ बायकांत येऊन बसतो. सकाळी काय खाल्लं म्हणून विचारतो. सगळं लिहून घेतो आणि सरकारला दाखवतो." बाया माना डोलवत ऐकत होत्या. मला वाटलं, काय रंगली आहे गोष्ट.

चार दिवस दवाखान्यातून हलायला सवड मिळाली नाही. पाचव्या दिवशी वखारीत गेले तर मी दारातच थबकले. चाळणीच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. पाण्याच्या घागरीवर झाकण. आणि अंगणात चिंचेखाली पोटुशा बाया ओळीने बसून काड्या निवडताहेत, त्यांत माझी आक्का. मी धावतच तिच्याकडे गेले आणि काय झालं म्हणून विचारलं.

आक्का म्हणाली, "काय झालं म्हंजे? तुझा फराळाचा डाक्टर येतोय न्हवं."

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. फरासीस हा शब्द त्या बायांनी कधी ऐकला नव्हता. सकाळी काय खाल्लं असं विचारणारा डॉक्टर, तेव्हा तो फराळाचाच असणार. आणि मी येतो, येतो म्हणून सांगितल्यावर तो येणारच. आज येतो, उद्या येतो, असंच आपण बोलतो ना! त्यांनी मुकादमाला ऐकवलं होतं की फराळाचा डाक्टर येतोय, बायकांत बसून विचारतो, लिवून घेतो, सरकारला दावतो. मुकादमाने कुठल्याशा साहेबाची तपासणी आहे असं धरलं. मालक माल बघायला परगावी गेलेले. त्याने आपल्या अंगावर येईल त्याआधीच खिडक्या उघडल्या आणि बायांच्या सांगण्यावरून पोटुशींना अंगणात बसवलं.

मी हसत सुटले. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस, त्याची हाडंसुद्धा उरली नसतील, आणि त्याच्या धाकाने निपाणीतली खिडकी उघडली! खरं सांगायचं तर हसून झाल्यावर मी खरी गोष्ट सांगायला हवी होती. सांगितली नाही. आक्काच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला होता. सकाळी अर्धी भाकरी खाल्ली आणि ती पोटात राहिली, असं ती मला नवल सांगावं तसं सांगत होती.

त्याच आनंदात मी डॉक्टरसाहेबांना लांबलचक पत्र लिहिलं. मला वाटलं, शाबासकी येईल. आलं एक कार्ड, चार ओळींचं. ते मला अजून पाठ आहे: "त्या माणसाने आयुष्यात एक खोटं अक्षर लिहिलं नाही. त्याच्या नावावर तू खोटं खपवते आहेस. उद्या उघडं पडलं की खिडक्या बंद होतील आणि पुन्हा तुझं कुणी ऐकणार नाही. मोज." मी ते कार्ड वाचून रडले, रागावले, कार्ड फाडायला घेतलं आणि मग ठेवून दिलं. म्हातारा बरोबर बोलत होता.

पण मोजायचं कसं? लिहायला बसले की बाया घाबरत. कागद म्हटला की त्यांना सावकाराकडे दिलेला अंगठा आठवे. गेलेल्या मुलांबद्दल तर तोंडाने कुणी बोलतच नसे. पोरं किती विचारलं तर जी अंगणात खेळत असतील तेवढीच सांगायची, ही आमच्याकडची रीत. गेलेलं मूल मोजायचं नसतं. तेव्हा मी दवाखान्यातले दुधाच्या पावडरीचे चार रिकामे डबे घेतले आणि चिंचेखालचेच चिंचोके गोळा केले. दोन डबे चाळणीच्या बायकांचे, दोन डबे पहिल्यापासून उघड्या अंगणात जुड्या बांधणाऱ्या बायकांचे. दोन्हीकडच्या बायका मी सारख्या संख्येने घेतल्या, साधारण एकाच वयाच्या. फरासीस डॉक्टर तसंच करायचा. प्रत्येकीने मुठीत चिंचोके घेऊन यायचं, पदराआड हात घालायचा, कडेवर असलेल्यांचे एका डब्यात टाकायचे, गेलेल्यांचे दुसऱ्यात. बोलायचं काही नाही. कुणी बघायचं नाही.

आल्या. सगळ्या आल्या. ज्या बाया माझ्याशी बोलायला लाजायच्या, त्या रांग लावून उभ्या राहिल्या. एकेक चिंचोका डब्यात पडायचा, टण्ण आवाज व्हायचा, आणि पुढची बाई पुढे सरकायची. एक बाई टाकून झाल्यावर डब्यापाशी जराशी थांबली आणि कपाळाला हात लावून गेली.

शेवटी आक्का आली. मी तोंड फिरवून बसले होते, पण आवाज ऐकू येत होता. गेलेल्यांच्या डब्यात एक पडला. दुसरा पडला. मला माहीत होते ते दोन. मग तिसरा पडला.

मी वळून बघितलं. नियम मीच केला होता आणि मीच मोडला. आक्का म्हणाली, "सगळ्यात पैलं. तू बेळगावात शिकायला गेलतीस. तुझी परीक्षा होती, म्हणून कळवलं न्हाय."

माझ्याच घरातली गोष्ट मला माहीत नव्हती. मी इतकी शिकलेली, इतकी विचारणारी, आणि आक्काला कधी विचारलंच नव्हतं. त्या क्षणी मला डॉक्टरसाहेबांचं कार्ड पुरतं कळलं.

दुसऱ्याच दिवशी मालक परत आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. जैन घरातले, साठीचे, शांत. घरात कन्नड बोलत, वखारीत मराठी. खिडक्या उघड्या आणि माल जमिनीवर उडालेला बघून त्यांनी मुकादमाला विचारलं, मुकादमाने माझं नाव सांगितलं, आणि मला बोलावणं आलं. मी चारही डबे पिशवीत घालून गेले. आतून मला स्फुरण चढलं होतं, खोटं कशाला सांगू.

आप्पा गादीवर बसले होते. शेजारी तांब्याची घागर, तोंडाला पांढरं गाळणं बांधलेलं. कुठलाही जीव पोटात जाऊ नये म्हणून ते पाणी गाळून पितात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि तो डॉक्टर कधी येणार आहे असं विचारलं.

मी म्हटलं, "कुणी येणार नाही, आप्पा. तो माणूस मरून खूप वर्षं झाली. बायकांचा घोळ झाला आणि मला कळूनही मी गप्प बसले. चूक माझी आहे."

आप्पांचा चेहरा तांबडा झाला. "म्हंजे मेलेल्या माणसाला भिऊन आमी आठ दिस माल उडवला व्हय?" त्यांनी मुकादमाला हाक मारली आणि खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. तो निघालासुद्धा.

मी पिशवीतून दोन डबे काढून त्यांच्यासमोर ठेवले. चाळणीच्या बायकांच्या गेलेल्या मुलांचा एक, अंगणातल्या बायकांच्या गेलेल्या मुलांचा दुसरा. म्हटलं, आप्पा, एवढे दोन हातांत घ्या आणि मग काय ते करा.

आप्पांच्या हाताची त्या भागात ख्याती होती. तंबाखूचा जुडगा नुसता हातावर तोलून ते वजन सांगत, आणि तराजू त्यांना खोटं पाडत नसे. त्यांनी सवयीने एकेका हातात एकेक डबा घेतला. उजवा हात लगेच खाली गेला. त्यांनी डबे हातांत बदलून पाहिले. मग डावा खाली गेला. त्यांनी विचारलं, आत काय आहे? मी सांगितलं. जड डबा चाळणीच्या बायकांचा तेही सांगितलं, आणि बाया दोन्हीकडे सारख्याच होत्या हेही सांगितलं. त्यांत शेवटी पडलेले तीन माझ्या बहिणीचे आहेत, हेही सांगितलं.

मला राहवेना. मी म्हटलं, "तुम्ही पाणी गाळून पिता, आप्पा. त्या खोलीतल्या बाया जे श्वासाबरोबर घेतात, ते कोण गाळणार?"

बोलून गेले आणि वाटलं, आता हाकलणार. आप्पांची नजर त्या घागरीच्या गाळण्यावर गेली. डबे अजून हातांतच होते. मग त्यांनी ते अलगद खाली ठेवले आणि मुकादमाला पुन्हा हाक मारली. सांगितलं, "खिडक्या उघड्या ऱ्हाऊ देत. हे गाळण्याचं कापड हाय न्हवं, तसलं पातळ कापड समद्या खिडक्यांस्नी ताणून बांधा. वारं येईल, माल जाणार न्हाय. आन पोटुशी बाई चाळणीवर बसवायची न्हाय. आजपासनं."

मला हे सुचलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनाही सुचलं नसतं. मला वाटतं, त्या फरासीस डॉक्टरलाही नाही. कापडाची युक्ती त्या घागरीनेच आप्पांना दिली. दारातून बाहेर पडताना त्यांनी मला थांबवलं आणि त्या मेलेल्या डॉक्टरने आणखी काय काय विचारलं असतं ते एकदा सवडीने येऊन सांग म्हणाले. दिवस मावळायच्या आत जेवायची त्यांची जैन रीत, त्या वेळेआधी मी पुष्कळदा जाऊन सांगत बसत असे. दारूबद्दल तो कामकऱ्यांना रागवायचा हे ऐकून आप्पा फार खूश झाले, आणि मला त्यांच्याशीही तेच भांडण करावं लागलं.

सगळं सुधारलं असं म्हणत नाही. दुसऱ्या वखारींच्या खिडक्या तशाच बंद राहिल्या. कापड महिन्याभरात तंबाखूने भरून जाई आणि मुकादम ते धुवायला कुरकुरे. पण चाळणीच्या बाया सकाळी भाकरी खायला लागल्या. कुणी विचारलं की म्हणत, फराळाच्या डाक्टराचा हुकूम हाय.

आक्काचे दिवस भरले ते सुगी सरताना. मी आठ दिवस आधीच तिच्या घरी जाऊन राहिले. पहाटेपासून कळा सुरू झाल्या. माझे हात शेकडो बाळंतपणं केल्यासारखे चालत होते आणि मन पहिल्याच बाळंतपणाला आल्यासारखं धडधडत होतं. चांगलं ऊन वर आलं तेव्हा मुलगी झाली. आली तीच ओरडत आली. दाजी बाहेर बैलांपाशी उभे होते, ते तिथूनच रडायला लागले.

दोन दिवस आक्का मुलीकडे नुसती बघत होती. आधीचं एक मूल जन्मून दोन दिवसांनीच गेलं होतं, ते आम्हा दोघींनाही आठवत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दूध पिऊन झोपली. आक्का उठून बसली आणि मला म्हणाली, "डबं हाईत न्हवं तुझ्याजवळ? त्यो दुसरा दे. आन एक चिंचोका दे."

कडेवर असलेल्यांचा तो डबा मी काढून दिला. आक्काने मुलीला मांडीवर घेतलं, तिची मूठ उघडली, त्यात चिंचोका ठेवला आणि मूठ डब्यावर धरून हलकेच सोडवली. टण्ण वाजलं. मुलगी दचकून जागी झाली आणि रडायला लागली. आक्काने तिला गप्प केलं नाही, रडू दिलं.